रडणं, रुसणं आणि गप्प बसणं

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत फुगा फुटला की तीन वर्षांचं पोर धुळीत लोळण घेतं आणि हातात जिलेबी आली की डोळे पुसायच्या आत हसतं. हे नाटक नव्हे. या वयात भावना सगळ्या अंगानं येते आणि तिला आवरण्याचं काम आईबापांकडेच असतं. पुढे शब्द सापडतात, मग चापट मारण्याऐवजी 'कट्टी' होते.

चौदाव्या वर्षी गणित बदलतं. त्याच यात्रेत मित्रांदेखत बापानं 'ए बाळ्या' अशी हाक मारली की पोरगं संध्याकाळभर तोंड फुगवून बसतं. मेंदूतला धोका हेरणारा अमिग्डाला या वयात चटकन पेटतो. सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. शिवाय मित्रांची नजर असतेच. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये दाखवलं, की गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात दोस्त सोबत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करतात. मोठ्यांवर तसा परिणाम दिसला नाही. जालना रोडवरची ट्रिपल सीट यातून समजते, माफ मात्र होत नाही.

मोठेपणी राग येतोच, पण गिळता येतो. नेहमी गिळणंही बरं नव्हे.

चिडचिड किंवा अबोला दोन आठवडे हटेना, झोप-भूक उडाली, तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.