मैदानाची भाषा कोणती?

आमच्या संतपूर भागातल्या घरांत दोन भाषा एकाच ताटात जेवतात. आजीशी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात समोरचा बोलेल ती. अण्णा, अक्का हे शब्द तर दोन्हीकडचे. त्यामुळे भाषेची अडचण म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. पण कबड्डीच्या मैदानावर ती जाणवते. चढाईला मिळतात जेमतेम ३० सेकंद आणि पकड होते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. तेवढ्यात ‘धर’ म्हणायचं की ‘हिडि’?

लहानपणीची एक गोष्ट सांगते. माझा मामेभाऊ वर्षभर आमच्याकडे शिकायला होता. त्याचं सारं शिक्षण कन्नडमधून झालेलं. चढाईला मोठा चपळ. एका सामन्यात तो चढाईला गेला आणि आमचे सर रेषेबाहेरून ओरडले, “निदान! निदान!” चढाईपटूने कुणाला स्पर्श न करता, निदानरेषाही न ओलांडता परत यायचं म्हटलं, तर तो बाद होतो. सरांना तेच सुचवायचं होतं. पण त्याच्या कानांनी ऐकलं ‘निधान’. कन्नडमध्ये त्याचा अर्थ हळू, सावकाश! तो बिचारा थबकला, मागे फिरला आणि बाद झाला. सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आलाच नाही. सामना एका गुणाने गेला की दोन, हे आज कुणाला आठवत नाही. एक खेळाडू गेला, एवढं मात्र लक्षात राहिलं.

नाशिकच्या बाई, इराणच्या मुली

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती २०१८ साली. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. २०१० आणि २०१४ची सुवर्णपदकं भारताची होती, त्यामुळे हा धक्काच होता. पण इराणच्या त्या मुलींना शिकवणाऱ्या बाई होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! परका देश, परकं जेवण, त्यात बाई शाकाहारी. त्यांनी काय केलं? खेळाडूंनी आपली भाषा शिकावी म्हणून त्या वाट पाहत बसल्या नाहीत, स्वतःच फारसी शिकल्या. सरावाला योगासनं आणि प्राणायामाची जोड दिली. कबड्डी हा श्वासाचाच खेळ, तेव्हा हे शिकवणं वरवरचं नव्हतं. शिकणाऱ्याच्या भाषेत जाण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची, हा त्यांचा पहिला धडा आपण घ्यायला हवा.

कन्नड गुरू, पुण्याचा संघ

दुसरं उदाहरण तर आपल्या घरासारखंच. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार, बचावात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई आणि प्रशिक्षक कर्नाटकचे बी. सी. रमेश. याच रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सलाही विजेते केलं होतं. म्हणजे बोली कितीही वेगळ्या असल्या तरी संघ एक होतो. मात्र तो आपोआप होत नाही, करावा लागतो.

रागवावं की सांगावं?

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांचा अभ्यास केला. काही प्रशिक्षकांना त्यांनी साध्या गोष्टी शिकवल्या: प्रयत्नांचं कौतुक करा, चूक झाली तर आधी धीर द्या, मग काय करायचं ते सांगा, शिक्षा करू नका. १९९२ साली प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. अशा प्रशिक्षकांकडची फक्त ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. इतर प्रशिक्षकांकडची २६ टक्के. आणि जिंकण्या-हरण्यात फारसा फरक नव्हता! म्हणजे झापल्याने सामने जास्त जिंकले जात नाहीत, मुलं मात्र जातात.

आपल्या मैदानावर काय करता येईल?

पहिलं, शब्द आधी ठरवा. पकड, माघार आणि निदानरेषा यांसाठी तीन छोटे शब्द पुरेत. मराठी की कन्नड, ते मुलांनाच ठरवू द्या, पण एकदा ठरले की बदलू नका. साखळी धरलेल्या दोघांना तर शब्दही नको. हात दाबला की इशारा पोचला.

दुसरं, सरावात खरा प्रसंग उभा करा. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक जादा गुण मिळतो. तेव्हा तिघांनाच मैदानात ठेवा आणि समोर तुमचा सर्वांत चपळ चढाईपटू पाठवा. पकड सुटली तर लगेच बोलू नका. “कोण आधी हललं?” एवढंच विचारा. मुलं स्वतःच उत्तर शोधतात, आणि स्वतः शोधलेलं विसरत नाहीत.

तिसरं, सामना चालू असताना शिकवू नका. शिकवायचा वेळ सरावाचा. सामन्यात रेषेबाहेरून येणारी दहा वाक्यं खेळाडूच्या कानात नुसता गोंधळ करतात. आई-वडिलांनो, हे आपल्यालाही लागू आहे बरं का!

आणि मुलगी खेळते म्हणाली तर “घरी काम कोण करणार?” असं विचारण्याआधी जकार्ताचा तो सामना आठवा. एका मराठी बाईने परक्या मुलींना उभं केलं. आपल्या मुली तर आपल्याच अंगणात आहेत.

माझा मामेभाऊ आज शेती बघतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचा मुलगा आमच्या अंगणात कबड्डी खेळत होता. चढाईला गेला, चुकला, बाद झाला. मामेभाऊ ओट्यावरून उठला. मला वाटलं, आता रागावणार. त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला, मातीत पायाने एक रेघ ओढली आणि म्हणाला, “इथवर यायचं. परत जा, करून बघ.” अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. पोराला सगळं समजलं.