जंतूंच्या आधी पोचलेला थेंब

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात अंधशाळांमधली पुष्कळ मुलं जन्मांध नव्हती. जन्मली तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. दोन-तीन दिवसांनी पापण्या सुजायच्या, उघडून पाहिल्या की पिवळा पू ओघळायचा, आणि उपचाराविना काही दिवसांतच बुबुळ फुटायचं किंवा त्यावर कायमचं फूल पडायचं. आईला परमा, म्हणजे गोनोरिया, असला की प्रसूतिमार्गातून बाहेर येताना त्याचे जंतू बाळाच्या डोळ्यांत उतरायचे. बहुतेक जंतूंना बुबुळात शिरायला ओरखडा लागतो. हा जंतू धडधाकट बुबुळातूनही आत घुसतो, म्हणूनच तो इतक्या झपाट्यानं डोळा खातो.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांनी आधी आईच्या बाजूनं उपाय करून पाहिला. प्रसूतीपूर्वी धुणं-स्वच्छता केली, पण मुलांचे डोळे येतच राहिले. मग १८८० मध्ये त्यांनी बाळाकडे मोर्चा वळवला. नाळ कापली, बाळाला न्हाऊ घातलं, पापण्या पुसल्या, की काचेच्या कांडीनं प्रत्येक डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा एक थेंब. त्याआधी शंभरातल्या दहाएक बाळांना हा रोग होत होता. थेंब सुरू झाल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. १८८१ मध्ये त्यांनी हे छापून जाहीर केलं आणि थोड्याच वर्षांत ही रीत देशोदेशीच्या सुइणींपर्यंत पोचली. गोनोरियाचा जंतू अल्बर्ट नायसर यांनी शोधला तो १८७९ मध्ये, म्हणजे या थेंबाच्या अवघं वर्षभर आधी. प्रतिजैविकं यायला अजून अर्धशतकाहून जास्त काळ होता. जंतू रुजण्यापूर्वी औषध तिथं हजर होतं, एवढ्यावर हजारो मुलांची दृष्टी वाचली. डोळ्यांच्या संसर्गाची लढाई आजही बरीचशी या सुरुवातीच्या काही तासांतच जिंकली किंवा हरली जाते, असं मला ठामपणे वाटतं.

सिल्व्हर नायट्रेटला दोष होते. ते झोंबायचं, डोळे लाल करायचं आणि क्लॅमिडिया या दुसऱ्या जंतूवर फारसं चालायचं नाही. कालांतरानं त्याच्या जागी एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन अशी मलमं आली. शेरविन आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियात तीन हजारांहून जास्त नवजात बाळांवर केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिल्व्हर नायट्रेट, एरिथ्रोमायसिन आणि अडीच टक्के पोव्हिडोन आयोडीन यांची तुलना होती. संसर्गानं डोळे आलेल्या बाळांचं प्रमाण अनुक्रमे १७.५, १५.२ आणि १३.१ टक्के भरलं. तिघांत सर्वांत स्वस्त होतं ते आयोडीनच.

हे आयोडीन आपल्या ओळखीचं आहे. खरचटल्यावर लावतात ते तपकिरी औषध. नुसतं आयोडीन कातडी भाजतं. १९५० च्या दशकात ते पोव्हिडोन नावाच्या लांब साखळीच्या रेणूला बांधण्याची युक्ती सापडली. तेव्हापासून ते थोडं थोडं सुटत राहतं आणि भाजत नाही. सुटलेलं आयोडीन जंतूच्या भिंतीतून आत जातं आणि त्याची प्रथिनं एकाच वेळी अनेक ठिकाणी बिघडवतं. प्रतिजैविक सहसा जंतूचं एखादंच वर्म गाठतं, त्यामुळे जंतूला तेवढं वर्म बदलून निसटता येतं. आयोडीनपुढे अशी पळवाट काढणं फार अवघड असतं. जिवाणू, विषाणू, बुरशी, सगळ्यांवर ते चालतं. फक्त त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

हा वेळ पाहायचा असेल तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तयारी पाहावी. रुग्ण टेबलावर आडवा झाला की आधी डोळा बधिर करणारे थेंब पडतात. मग पापण्या, पापण्यांचे केस, भुवई आणि गालाचा वरचा भाग १० टक्के आयोडीननं पुसला जातो. नंतर ५ टक्के द्रावण थेट डोळ्यात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी पाणी पसरतं, कोपऱ्यातून कानाकडे ओघळतं, आणि सगळे थांबतात. तीन मिनिटं. घाईच्या यादीत याच तीन मिनिटांना कात्री लागण्याची भीती असते, आणि ती कधीही लागू नये. कारण शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत पू होतो तेव्हा तो घडवणारे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात, हे १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात, जुनं चांदीयुक्त औषध वापरलेल्या खोल्यांमध्ये अशा संसर्गाचं प्रमाण ०.२४ टक्के, तर आयोडीन वापरलेल्या खोल्यांमध्ये ०.०६ टक्के आढळलं. आकडे लहान दिसतात, पण आपल्या देशात दरवर्षी लाखो मोतीबिंदू काढले जातात.

इथं एक कळकळीची सूचना. घरातल्या कपाटातली आयोडीनची बाटली डोळ्याच्या जवळही नेऊ नका. ती तीव्र असते, आणि हात धुण्यासाठीच्या प्रकारात साबणासारखं द्रव्य असतं. ते बुबुळाची वरची त्वचा सोलून काढतं. डोळ्यासाठीचं द्रावण वेगळं असतं आणि ते घालणारा हातही शिकलेला लागतो.

साथीनं डोळे येतात ती गोष्ट निराळी. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर पसरलेली साथ अनेकांना आठवत असेल. अशा साथींमागे बहुतेकदा ॲडिनो किंवा एन्टेरो गटातले विषाणू असतात. १९६९ मध्ये घानात नव्यानंच दिसलेल्या अशा रोगाला तिथल्या लोकांनी त्या वर्षीच्या चांद्रमोहिमेवरून ‘अपोलो’ म्हटलं. १९७१ मध्ये निर्वासितांच्या लोंढ्यासोबत तोच रोग कोलकात्यात पसरला तेव्हा त्याचं नाव ‘जय बांगला’ पडलं. नुसतं बघितल्यानं डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशीची खोळ यांतून ते येतात. विषाणूवर प्रतिजैविक थेंबांचा उपयोग नसतो. बहुतेकांचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात, आणि तोवर साबणानं हात धुणं हेच खरं जंतुनाशक. दुखणं वाढलं, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर मात्र डॉक्टर गाठावा.

या साथींच्या काळात एक वाईट सवय लागते. औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळ्याचं ड्रॉप द्या’ म्हणायचं. मिळणाऱ्या बाटलीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली झटकन उतरते, माणूस खूश होतो आणि बाटली फडताळात जपून ठेवतो. पुढे शेतात डोळ्याला काही लागलं की तीच बाटली निघते.

आपल्याकडे शेतकऱ्याचा डोळा जातो तो बऱ्याचदा असा. ऊस तोडताना पाचटाची धारदार कड लागते, मळणीत कुसळ उडतं, गवताचं पातं फटकारतं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, डोळ्याला दिसणारही नाही असा ओरखडा उठतो. त्या पात्यावर, मातीत, धुळीत बुरशी असतेच. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस ही तिची दोन मुख्य नावं. थंड, समशीतोष्ण देशांत कॉर्नियाचा व्रण बहुतेक जिवाणूंचा असतो, तर आपल्यासारख्या उष्ण, शेतीप्रधान मुलखात बुरशीचा वाटा फार मोठा आहे. ही बुरशी सावकाश वाढते. आठवडाभर नुसतं खुपतं, पाणी येतं. घरचे मध, एरंडेल, आईचं दूध, नाहीतर ती जुनी बाटली घालतात. स्टेरॉइडमुळे शरीराचा प्रतिकार मंदावतो, लाली कमी दिसते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

डॉक्टरांपुढे असा डोळा आला की अंदाज पुरत नाही. पिसासारख्या अस्पष्ट कडा, मुख्य व्रणाच्या आसपास बारीक ठिपके, ही बुरशीची लक्षणं खरी, पण ती फसवूही शकतात. डोळा बधिर करून, भिंगाखाली, व्रणाच्या कडेचा आणि तळाचा कण बारीक पात्यानं खरवडतात. काचपट्टीवर तो कण, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. पेशींचा गाळ विरघळतो आणि बुरशी असली तर सूक्ष्मदर्शकात फांद्या फुटलेले, मध्ये पडदे असलेले धागे स्वच्छ दिसतात. काही मिनिटांचं, काही रुपयांचं काम. यावर पुढचं सगळं ठरतं, तरी अनेक ठिकाणी ते टाळून सरसकट औषधं दिली जातात, याचा मला मनापासून त्रास होतो.

बुरशी दिसली तर ५ टक्के नॅटामायसिन. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागानं ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जुन्या औषधानं नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोलला मागं टाकलं. फ्युजेरियमच्या बाबतीत तर फरक ठळक होता. जंतुनाशकांनाही इथं जागा मिळते का, हे तपासलं गेलं आहे. फिलिपीन्स आणि भारत इथल्या अभ्यासात जिवाणूंच्या व्रणांवर सौम्य, सव्वा टक्का आयोडीन प्रतिजैविक थेंबांइतकंच उपयोगी ठरलं. बुरशीवर क्लोरहेक्सिडिन चालेल अशी आशा होती, पण नेपाळमधल्या ‘लहान’ नावाच्या शहरातल्या २०२२ च्या अभ्यासात नॅटामायसिनच सरस निघालं. अकांथअमीबा या जीवावर मात्र अत्यंत सौम्य क्लोरहेक्सिडिन हेच मुख्य औषधांपैकी एक आहे. हा जीव गढूळ पाण्यातून किंवा नळाच्या पाण्यानं धुतलेल्या कॉन्टॅक्ट लेन्समधून येतो. म्हणजे एकदा जंतू आत रुजला की एकच थेंब सगळ्यांना लागू पडत नाही.

म्हणून नेपाळमधल्याच भक्तपूरचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे ३५ हजार लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. डोळ्याला ओरखडा उठला की गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्याकडे यायचं आणि तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम घालायचं. असे ४४२ जण आले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ पैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्यांपैकी ३.७ टक्क्यांना झाला. त्याहून उशिरा, दुसरा दिवस सरेपर्यंत आलेल्या ४९ जणांत तो २८.६ टक्के होता. नंतर नेपाळमध्येच झालेल्या फार मोठ्या चाचणीत गावपातळीवर व्रणांची संख्या अशी खाली आलेली दिसली नाही, हेही सांगायला हवं. पण म्हणून ओरखडा उठलेल्या माणसानं थांबावं, असं त्यातून निघत नाही.

ओरखडा शोधायला फ्लुओरेसीनची एक पट्टी आणि निळ्या उजेडाची टॉर्च पुरते. जखम लगेच हिरवी चमकते. दसरा सरला की आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने फडात राहतात. तिथून डोळ्यांचा दवाखाना लांब, आणि खाडा झाला की मजुरी बुडते. कारखान्याच्या तळावर येणाऱ्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत ही पट्टी, टॉर्च आणि मलमाची ट्यूब हवी. ओरखडा दिसल्यावर त्याच दिवशी मलम सुरू करायचं, आणि डोळ्यात पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी माणसाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, एवढं तिला शिकवलेलं हवं. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या, म्हणजे आगाऊ रकमेच्या, हिशेबात त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, याची हमी कारखान्यानं द्यायला हवी.