डिझेल वाहनाचा इशारा-दिवा आणि ई. जी. आर. झडपेची निगा

कोकणातील आंबा कोल्हापूरच्या पेठेत नेणाऱ्या वाहनास घाट चढावा लागतो. भरलेले वाहन अशा चढावर ओढेनासे झाले, तर पिकलेला माल उन्हात खराब होण्यास वेळ लागत नाही. पिकअप, जीप यांसारख्या डिझेल वाहनांत अशी अडचण येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ई. जी. आर. झडपेत काजळी साचणे. दोष उत्पन्न झाला की चालकासमोर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. हा दिवा कसा विझवावा, असे प्रथम विचारले जाते. परंतु दिवा हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे ध्यानी घ्यावे.

झडपेचे कार्य

एंजिनात ज्वलनाची उष्णता फार वाढली म्हणजे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन अपायकारक वायू बनतात. ही उष्णता आटोक्यात राहावी म्हणून धुराचा काही भाग या झडपेतून पुन्हा एंजिनात सोडला जातो. धुरातील काजळी व तेलाची वाफ यांचा चिकट थर झडपेवर बसतो. पाटाच्या दारात गाळ साचला म्हणजे दार धड उघडत नाही व धड मिटतही नाही. तशीच स्थिती झडपेची होते. झडप उघडी अडकल्यास वाहनाची ओढ कमी होते, काळा धूर निघतो व उभ्या वाहनाचे एंजिन थरथरते. ती बंद अडकल्यास ओढ फारशी कमी होत नाही. केवळ दिवा लागतो व अपायकारक वायू वाढतात.

दुरुस्तीचा क्रम

१. प्रथम तपासणी-यंत्र जोडून दोषांक वाचून घ्यावा. ‘पी ०४०१’ म्हणजे झडपेतून धूर कमी जाणे व ‘पी ०४०२’ म्हणजे तो अधिक जाणे. दोषांक लिहून ठेवल्याशिवाय पुसू नये.

२. झडपेकडे जाणारी वायर, तिचे जोड व नळ्या तपासाव्यात. नळी तडकलेली अथवा जोड सैल असल्यास झडप चांगली असूनही दिवा लागतो.

३. एंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी व मगच झडप काढावी. काजळी योग्य द्रावण व मऊ ब्रश यांनी काढावी. झडप चालविणाऱ्या विद्युत भागात द्रावण जाऊ देऊ नये व लोखंडी पात्याने खरवडू नये. धुराच्या वाटेतील काजळीही काढावी.

४. बसविताना नवे पॅकिंग घालावे. साफसफाईनंतरही झडप सहज हलत नसेल, तर ती बदलावी.

एंजिनाचे थंडाईचे पाणी वारंवार कमी होत असेल व पांढरा धूर येत असेल, तर धूर थंड करणारा भाग गळत असण्याचा संभव असतो. असे वाहन न चालविता कारागिराकडे न्यावे.

दिवा केव्हा घालवावा

दुरुस्तीनंतर तपासणी-यंत्राने दोषांक पुसावा व वाहन काही अंतर चालवून पाहावे. दोष खरोखर गेला असल्यास दिवा पुन्हा लागत नाही. पुष्कळ वाहनांत सलग तीन फेऱ्यांत दोष न आढळल्यास दिवा आपोआपही विझतो. केवळ बॅटरीची तार काढून दिवा घालविणे व्यर्थ आहे. झडप अडकलेली असल्यास तो पुन्हा लागतो.

झडप बुजवू नये

काही ठिकाणी पत्रा लावून झडप कायमची बुजविण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या वाहनांत संगणक हा बदल ओळखतो व एंजिनाची शक्ती कमी करू शकतो. अशा बदलाने प्रदूषणविषयक नियमांचाही भंग होतो. शिवाय या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन बनतो व तो गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या पानांस अपाय करतो. म्हणजे झडप बुजविण्याचे नुकसान शेतापर्यंत पोहोचते.

नित्याची निगा

बाजार-आवारात माल उतरेपर्यंत एंजिन विनाकारण चालू ठेवू नये. केवळ जवळच्या फेऱ्या करणारे वाहन अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एंजिन पुरते तापेपर्यंत चालवावे. धुळीच्या दिवसांत हवेचा फिल्टर वेळोवेळी पाहावा व तेल निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच झडप तपासून घेतल्यास ऐन वाहतुकीच्या दिवसांत माल वाटेत अडकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.