मोरीच्या पाण्यावर परसातली भाजी



शेतात आपण पोत्यानं धान्य पिकवतो, पण भाजी मात्र बाजारातून आणतो. इकडं मोरीचं पाणी दारात साचून डास वाढतात. हेच पाणी परसात वळवा.

मोरीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा घ्या. खाली विटांचे तुकडे, वर वाळू भरा. खरकटं आणि तेलकट गाळ तिथं अडेल. वरची वाळू अधूनमधून बदला. तिथून चर काढून पाणी केळी आणि अळूला द्या. संडासाचं पाणी यात येऊ देऊ नका. कपड्यांच्या सोड्याचं पाणीही रोज एकाच जागी सोडू नका. जमीन चोपण होते.

मेथी, कोथिंबीर, पालक यांना मोरीचं पाणी नको. त्यांना तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी झारीनं घाला. मेथीचं सगळं बी एकदम टाकू नका. दर आठवड्याला एक लहान वाफा पेरा. 25 ते 30 दिवसांत पहिला वाफा काढणीला येईल, मग पाठोपाठ दुसरा.

दारातलं डबकं हटेल आणि पोराबाळांच्या ताटात ताजी भाजी पडेल. यंदा एक केळ लावून तर बघा!