लॉक, की आणि खोळंबलेले काम

सॉफ्टवेअरचे पैसे मोजणाऱ्याला मिळतो तो वापराचा परवाना, आणि हा परवाना बहुधा एका ठरावीक यंत्राला बांधलेला असतो. यंत्र बदलले की परवान्याचा घोळ सुरू. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतले डीटीपीवाले, हिशेबनीस आणि संगणक दुरुस्त करणारे यांची बरीचशी कटकट या एका गोष्टीतून निघते.

या भागात एकाच टेबलावर तीन लिप्यांचे काम येते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद अशा गावांत लग्नपत्रिका मराठीत, पंचायतीचे पत्रक कन्नडमध्ये, जलशाची जाहिरात उर्दूत. कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेचे नुडी मोफत मिळते, त्यामुळे तिथे परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उर्दूसाठी १९९४ पासून इनपेज आहे. मराठी छपाईत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी रुळले, आणि अशा विकतच्या संचांबरोबर टेबलावर आले ते लॉक, म्हणजेच डोंगल.

लॉक म्हणजे आत छोटी चिप असलेला प्लग. पूर्वी तो संगणकाच्या मागे, २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावत आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीला जोडत. नंतर तो यूएसबीचा झाला. प्रोग्रॅम सुरू होताना आधी ही चिप शोधतो. ती सापडली नाही तर पुढे सरकत नाही. विजेच्या झटक्याने लॉक जळाले किंवा दुकान हलवताना हरवले, तर खरेदीची पावती हातात असूनही काम ठप्प होते. नव्या संगणकांवरून प्रिंटर पोर्ट नाहीसा झाल्यावर जुन्या लॉकसाठी जुने यंत्र जिवंत ठेवण्याची पाळी आली.

त्याहून मोठी अडचण अक्षरांची आहे. युनिकोडची सामाईक क्रमांकपद्धती रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीने आपल्या फॉन्टमधल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले होते. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणजे कुलूप कंपनीच्या मालाला लावलेले असले, तरी त्याच्या आड गिऱ्हाइकाचा स्वतःचा मजकूरही अडकतो. हे अन्यायाचेच आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी मंगल आणि एक्सपीमध्ये कन्नडसाठी तुंगा हे युनिकोड फॉन्ट आले. नव्या कामाला त्यामुळे वाट मिळाली. जुन्या पत्रिका, प्रश्नपत्रिका आणि स्मरणिकांच्या फाइली मात्र एकेक करून रूपांतरित कराव्या लागतात आणि जोडाक्षरे पुन्हा तपासावी लागतात.

लॉक निदान डोळ्यांना दिसते. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेले ॲक्टिव्हेशन दिसतही नाही. संगणकाच्या निरनिराळ्या भागांवरून एक खूण तयार होते आणि ती कंपनीकडे नोंदवली जाते. एक्सपीच्या काळात इंटरनेट नसेल तर पडद्यावरचा ५० अंकी क्रमांक फोनवर सांगावा लागे आणि पलीकडून मिळालेला क्रमांक गटागटाने भरावा लागे. एक अंक चुकला की तो गट पुन्हा. मदरबोर्ड जळून नवा बसवला की खूण बदलते आणि पैसे देऊन घेतलेले विंडोज स्वतःलाच अनोळखी ठरवते. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना तर त्या यंत्राबरोबरच संपतो. स्वतंत्र घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. हा फरक गिऱ्हाइकाला समजावता समजावता दुरुस्ती करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

चोरी करणाऱ्याला याची फारशी झळ बसली नाही. मोठ्या कंपन्यांना दिलेल्या एक्सपीच्या व्हॉल्यूम परवान्याला ॲक्टिव्हेशनची अट नव्हती. तशा परवान्याची एक की फुटली आणि जगभर फिरली. उलट २४ ऑगस्ट २००७ रोजी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला, तेव्हा अधिकृत प्रतींवरही काही तास बनावटीचा शिक्का बसला.

पेजमेकर ७ हे ॲडोबीचे २००१ चे सॉफ्टवेअर मराठी छापखान्यांत इतकी वर्षे टिकले, त्याचे एक कारण साधे आहे: त्याला सिरियल नंबर पुरतो. ॲडोबीने २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचे ठरवले. लग्नसराईत रात्रंदिवस चालणारा छापखाना चातुर्मासात जवळजवळ बसून असतो, वर्गणी मात्र दरमहा येते. गावच्या धंद्याचा हंगाम या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

हिशेबनिसांचे दुखणे वेगळ्या तारखेला उठते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून कलबुर्गीच्या तूर बाजारातल्या आडत दुकानालाही संगणकीय हिशेबाची गरज पडते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्या संगणकावर न्यायचा तर आधी पहिल्यावरून तो ‘सरेंडर’ करावा लागतो. डिस्कच बंद पडली तर सरेंडर करायचे कशावरून? जीएसटीच्या ‘थ्री बी’ विवरणाची २० तारीख तोंडावर असेल, तर परवाना मोकळा करून घेण्याची ही धावपळ जीव काढते.

कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सात दिवस ते तीन वर्षे कैद होऊ शकते. कलम ५२ मात्र कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५-अ ने हक्कभंगाच्या उद्देशाने संरक्षण फोडणे गुन्हा ठरवले. त्याच कलमात कायद्याने मनाई नसलेल्या कामाला सूटही आहे. पण दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. जळालेल्या लॉकमागची फाइल सोडवून देणाऱ्या दुरुस्तीच्या दुकानाने ही तरतूद आधी वाचायला हवी.