शहराचा जमाखर्च (भाग 6) : कर्ज पाण्यासाठी, तारण घरपट्टीचं

मागच्या भागात आपण पाणीपट्टीचं उत्पन्न आणि पाणीपुरवठ्याचा खर्च यांतली तूट पाहिली. रोजचा खर्च भागत नसेल, तर नवं धरण, नवी जलवाहिनी, नव्या टाक्या यांचा पैसा आणायचा कुठून? केंद्र आणि राज्याचं अनुदान मिळालं तरी 'स्वहिस्सा' उरतोच. मग महापालिका कर्ज काढते. ते कर्ज कोण देतं आणि कशाच्या भरवशावर देतं, हा आजचा विषय.

22 जून 2017 रोजी मुंबई शेअर बाजारात पुणे महापालिकेच्या 200 कोटी रुपयांच्या कर्जरोख्यांची नोंदणी झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय नगरविकास मंत्री व्यंकय्या नायडू समारंभाला होते, घंटा वाजली, फोटो निघाले. मुदत दहा वर्षांची, व्याज 7.59 टक्के. मागणी रकमेच्या सहापट आली. पैसे हवे होते 'समान पाणीपुरवठा' योजनेसाठी. शहरभर ऐंशीहून अधिक साठवण टाक्या, नवं वितरण जाळं आणि सुमारे तीन लाख मीटर असा तिचा पसारा. टप्प्याटप्प्यानं 2,264 कोटी उभे करायचे ठरले होते, त्यातला हा पहिला हप्ता.

रोखे विकत घेणाऱ्या बँका, विमा कंपन्या आणि फंड यांना कोथरूडच्या नळाला किती तास पाणी येतं याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांचा प्रश्न एकच : दर सहा महिन्यांनी व्याज आणि शेवटी मुद्दल येणार ना? ते येईल अशी खात्री पाणीपट्टीच्या आकड्यांकडे बघून कुणालाच पटत नाही. म्हणून पुण्यानं पुढे केला मिळकतकर.

ही व्यवस्था कशी चालते ते जवळून बघू. मिळकतकराची वसुली आधी एका वेगळ्या बँक खात्यात पडते. त्याला एस्क्रो खातं म्हणतात. खातं महापालिकेच्या नावावर असलं, तरी त्याची चावी एका विश्वस्त संस्थेकडे असते. करारात ठरलेला क्रम असा, की आधी व्याजाची आणि परतफेडीच्या निधीची रक्कम बाजूला निघणार आणि मगच उरलेला पैसा महापालिकेच्या मुख्य तिजोरीत जाणार. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगाराआधी, रस्त्यांच्या खड्ड्यांआधी, नगरसेवकांच्या प्रभाग निधीआधी धनको. पतमानांकन संस्थांनी या रोख्यांना 'एए प्लस' असा वरचा दर्जा दिला, त्यात या क्रमाचा वाटा मोठा होता. शहराच्या सचोटीबद्दल त्या काही म्हणत नाहीत, पैसा आधी कुणाच्या हातात पडतो तेवढं बघतात.

पुण्यात घरगुती बिगरमीटर नळजोडणीची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच लावलेली असते. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर आणि त्याच कागदावर पाणीपट्टी. ती आकारली जाते घराच्या करपात्र रकमेवर, वापरलेल्या पाण्यावर नाही. दोन बादल्यांत भागवणारी म्हातारी आणि रोज गाडी धुणारा शेजारी एकाच इमारतीत असतील, तर दोघांचा आकार जवळपास सारखाच. अशा आकारणीतून पाण्याचं स्वतंत्र, हिशोबी उत्पन्न दिसणार कसं? ते दिसत नाही म्हणूनच पाण्याच्या कर्जाला घर जामीन राहतं.

ही युक्ती पुण्याची नव्हे. जानेवारी 1998 मध्ये अहमदाबाद महापालिकेनं राज्य सरकारची हमी न घेता 100 कोटींचे रोखे काढले. देशात असं आधी कुणी केलं नव्हतं. व्याज होतं 14 टक्के. जरा हिशोब करा : 100 कोटींवर वर्षाला 14 कोटी व्याज. पुण्याच्या 200 कोटींवर वर्षाला 15 कोटी 18 लाख. एकोणीस वर्षांत कर्जाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. आज जुन्या रोख्यांची उदाहरणं देणारे अनेकदा हा फरक सांगायला विसरतात.

अहमदाबादनं तारण ठेवली ती जकात. शहराच्या ठरावीक जकात नाक्यांवरची वसुली थेट वेगळ्या खात्यात जाणार, असा करार झाला. रोख्यांच्या चार वर्षं आधी हीच महापालिका तोट्यात होती. आयुक्त केशव वर्मा यांच्या काळात जकातीची गळती रोखली गेली, वसुली वाढली आणि मग बाजारानं दार उघडलं. क्रम लक्षात घ्या : आधी नाक्यांवरचा कारभार सुधारला, नंतर रोखे आले. आपल्याकडे रोखे काढले की कारभार आपोआप सुधारेल असं मानणारे अधिकारी भेटतात. असं झाल्याचं उदाहरण निदान मला माहीत नाही. रोख्यांच्या पैशातून झालेल्या कामांत रास्का योजना गाजली. कालव्याचं पाणी शहरात आणणारी ही योजना 2000 च्या दुष्काळाच्या तोंडावर झपाट्यानं पूर्ण झाली, आणि साबरमती कोरडी पडलेल्या त्या शहराला तिचा आधार मिळाला.

जकात पुढे गेली. महाराष्ट्रात तिच्या जागी आधी स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला, मग तोही गेला आणि पुण्याच्या रोख्यांची घंटा वाजल्यावर अवघ्या नवव्या दिवशी जीएसटी लागू झाला. शहरांकडे हुकमी म्हणावा असा मिळकतकरच उरला. गेलेल्या करांच्या बदल्यात राज्याकडून येणारी भरपाई कितीही वेळेवर आली, तरी धनको तिच्याकडे दुसऱ्याच्या खिशातला पैसा म्हणूनच पाहतो.

आता पुण्याच्या कथेतला अवघड भाग. रोख्यांचे 200 कोटी महापालिकेच्या खात्यात आले, पण काम सुरू झालं नव्हतं. जलवाहिन्यांच्या निविदा चढ्या दरानं आल्याचे, ठेकेदारांनी संगनमत केल्याचे आरोप झाले आणि प्रक्रिया रद्द करून फेरनिविदा काढावी लागली. दरम्यान रोख्यांची रक्कम बँकेत ठेवीत पडून राहिली. 7.59 टक्के म्हणजे रोजचं साधारण 4 लाख 16 हजार रुपये व्याज. ठेवीवर जे मिळतं ते वजा केलं तरी खड्डा उरतोच. विरोधकांनी यावर रान उठवलं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण याच विलंबात झालेल्या फेरनिविदेत कामाचा खर्च शेकडो कोटींनी खाली आला. पहिल्याच निविदेला घाईघाईत मान्यता दिली असती, तर व्याजात वाचलेले पैसे ठेकेदाराच्या बिलात केव्हाच गेले असते. म्हणून कर्ज काढलं हा दोष मी मानत नाही. निविदा हातात येण्याआधी कर्ज काढलं, हा दोष. केंद्राकडून प्रोत्साहन म्हणून 26 कोटी मिळाले, तेव्हा घाईचं कारणही फार शोधावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट पुण्यानं आधीच करून ठेवली होती. पाणीपट्टीत दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढ, तीही 2047 पर्यंतची, मुख्य सभेनं 2016 मध्ये एकाच ठरावात मंजूर केली. दरवाढीवरून दरवर्षी सभागृहात होणारा गोंधळ टळावा हा हेतू. निवडून आलेल्या सभेनं पुढच्या सहा सभांचे हात बांधावेत का, हा प्रश्न त्यातून निघतोच. पण धनकोला नेमकं असंच काहीतरी हवं असतं.

मुंबईचा रस्ता वेगळा. तिथं पाण्याच्या कर्जाचा इतिहास 1860 च्या विहार तलावापासून सुरू होतो. सरकारनं तलाव बांधला आणि खर्च शहराच्या माथी कर्ज म्हणून आला. त्यावरची भांडणं बरीच वर्षं चालली. इथं महत्त्वाचं आहे ते 1973 चं कर्ज. भातसाचं पाणी मुंबईत आणण्याच्या योजनेसाठी जागतिक बँकेच्या 'आयडीए' या सवलतीच्या खिडकीतून 5.5 कोटी डॉलर मंजूर झाले. बँकेचा आग्रह होता की पाणी आणि मलनिस्सारण यांचा हिशोब उरलेल्या महापालिकेपासून वेगळा हवा. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प 'ग' म्हणजे हाच वेगळा हिशोब. त्यात पाण्याचं उत्पन्न, पाण्याचा खर्च आणि पाण्याचं कर्ज एकाच वहीत दिसतं. 2012 पासून आयुक्तांना पाणीपट्टी वर्षाला 8 टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा अधिकार मिळाला, तोही याच वहीतला आकडा जुळावा म्हणून. निवडणुकीच्या वर्षी हा अधिकार वापरायला कुणी फारसं उत्सुक नसतं, ते सोडा. पाण्याचं कर्ज पाण्यानंच फेडावं, ही शिस्त महाराष्ट्रात जिथं कुठं दिसते, ती मुख्यतः इथं.

आणि लहान गावांचं काय? चाळीस हजार वस्तीच्या नगरपालिकेचे रोखे शेअर बाजारात कुणी विचारणार नाही. पतमानांकन, सल्लागार, नोंदणी यांचा खर्चच तिला झेपत नाही. तमिळनाडूनं 2002 मध्ये यावर तोडगा काढला. डझनभर छोट्या शहरांची गरज एका निधीत एकत्र करून सुमारे 30 कोटींचे पंधरा वर्षांचे रोखे काढले. गावं हप्ता चुकली तर राज्याकडून त्यांना मिळणाऱ्या अनुदानातून तो कापून घ्यायचा, अशी तजवीज होती. आपल्याकडे मात्र अशी गावं जीवन प्राधिकरण आणि सरकारी वित्तसंस्था यांच्याच दारात उभी राहिली.

योजना पूर्ण झाल्यावर या गावांना घाम फोडते ती वीज. नदीतून पाणी उपसायचं, शुद्ध करायचं, टेकडीवरच्या टाकीत चढवायचं. बिल थकलं की पंप बंद आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. मराठी माणसाला जवळच्या असलेल्या इंदूरनं ही बाजू ओळखली. तिथं नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून येतं. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महापालिकेनं 244 कोटींचे हरित रोखे थेट जनतेला विकायला काढले, व्याज 8.25 टक्के. त्या पैशातून उभारायचा होता 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प, याच पंपांना वीज देण्यासाठी. नवं पाणी एक थेंबही वाढणार नव्हतं. कमी होणार होतं ते महिन्याचं वीजबिल. मागणी जवळपास सहापट आली.

(पुढच्या भागात : नगरपालिकांचं थकलेलं पाणी वीजबिल आणि ते शेवटी कोण भरतं.)