रेल्वे की बस? माथेरानच्या सहलीचा एका कापड व्यापाऱ्याने मांडलेला हिशेब

आमच्या सटाण्याला रेल्वे नाही. कोठेही निघायचे तर आधी एस.टी. स्टँड. रेल्वे धरायची असेल तर एक तर मनमाड गाठा, नाही तर नाशिकरोड. त्यामुळे आमच्याकडे गाडी म्हटले की बसच डोळ्यांपुढे येते. या वर्षी पेठेतल्या अकरा घरांनी मिळून माथेरानला जायचे ठरवले. मोठी-लहान धरून अडतीस माणसे. तारीख ठरण्याआधीच वाद सुरू झाला, रेल्वेने जायचे की बस करायची?

पुतण्या म्हणाला, "चाचा, बस दारातून उचलते, दारात सोडते. सामान चढवा-उतरवायची कटकट नाही." त्यावर माझी मोठी बहीण, आमच्या आपा, म्हणाल्या, "बस केलीत तर मी येत नाही. मागचं विसरलात वाटतं?"

मी विसरलो नव्हतो. तीन वर्षांपूर्वी अशीच सहल काढली होती. बस ठरवताना एक चांगली गाडी दाखवली गेली आणि निघायच्या पहाटे दुसरीच जुनी गाडी दारात उभी राहिली. आगाऊ रक्कम आधीच दिलेली, पावती कच्ची, चिठ्ठीवर गाडीचा नंबर नाही. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येऊ लागला. भर पावसात सर्वांना रस्त्याच्या कडेला उतरवले. त्या धावपळीत आमचे एक वयस्कर नातेवाईक घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. सहल तिथेच संपली. पैसे परत मागायला गेलो तर हातात कागद नव्हता.

तीस वर्षे कापड विकणाऱ्या माणसाने नमुना एक पाहावा आणि ठाण दुसरेच घ्यावे, याची मला आजही लाज वाटते. या वेळी म्हणून वाद बाजूला ठेवून आधी हिशेब मांडायचे ठरवले. तो इतर बांधवांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

भाड्याचा हिशेब

बसचे भाडे गाडीला असते, माणसाला नसते. समजा चाळीस हजारांत बस ठरली आणि चाळीस माणसे आली, तर माणशी हजार पडतात. ऐन वेळी दहा गळाली तर उरलेल्या तिसांवर माणशी तेराशे तेहतीस येतात. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि मुक्कामाचा दर यांचे आधी बोलणे झाले नसेल तर ते वरून. फक्त जातानाच बस घेतो म्हटले तरी मालक रिकाम्या परतीचे पैसे लावतो, आणि त्यात त्याचे चुकते असेही नाही.

रेल्वेचे भाडे माणसाला असते. जो येत नाही त्याचे तिकीट रद्द होते. जितका उशीर, तितकी कपात जास्त. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा बदल वाईट नाही. पैसा चार महिने अडकून पडत नाही. मात्र ज्येष्ठांना मिळणारी रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगावे, म्हणजे खिडकीवर वाद होत नाही.

एस.टी.चे गणित उलट आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आमच्या अडतीस जणांत निम्म्याहून अधिक बायका. सटाणा ते नाशिक हा टप्पा नेहमीच्या एस.टी.ने केला तर खाजगी बस तेथे भाड्यात टिकत नाही.

घाट पाहायचा की बोगदा?

सहल निसर्ग पाहण्यासाठी आहे, माल पोहोचवण्यासाठी नाही. म्हणून रस्त्यात काय दिसते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

बसने निघालो तर देवळा, सौंदाणे किंवा सोग्रस फाटा, पिंपळगाव, नाशिक, इगतपुरी असा मार्ग. तेथून पुढे आता समृद्धी महामार्ग आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वेळ खूप वाचतो. पण याच टप्प्यात पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. कसारा घाटाची दरी, धुके, ओहोळ हे सारे डोंगराच्या वर राहते आणि आपण पोटातून निघून जातो. गठड्या भरलेल्या ट्रकला याहून चांगला रस्ता नाही. पण निसर्ग पाहायला निघालेल्या माणसाने बोगदा पाहून परत यावे, यात काय फायदा? जुन्या घाटाने जा म्हणावे तर वळणांत पोरांना उलट्या होतात आणि आपांना ब्रेकचा वास आठवतो.

रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. येथे चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. मुंबईकडून येणाऱ्या अनेक गाड्यांना म्हणूनच कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने लावत आले आहेत. उतरताना गाडी बोगद्यातून बाहेर आली की एकदम खोल दरीवरच्या पुलावर असते, पुन्हा बोगदा, पुन्हा उजेड. पाय लांब करता येतात, म्हातारी माणसे उठून फिरू शकतात, नमाजची वेळ झाली तर जागेवर अदा करता येते. मात्र हे सर्व दिवसाच्या गाडीत. रात्रीच्या गाडीत थळ घाट काय आणि गावचा पार काय, दोन्ही सारखेच काळे. तिकीट काढताना भाड्याआधी ही वेळ पाहावी.

पीरभॉय यांची गाडी

माथेरानच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे एका व्यापारी घराण्याने उभी केली, हे आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातले मुंबईचे व्यापारी. लहानपणी त्यांनी रस्त्यावर काड्यापेट्या विकल्या असे सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. तंबू म्हणजे शेवटी कापडच. तेवढ्यापुरते ते आमच्या धंद्यातले! त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधण्याचे मनावर घेतले आणि वडिलांच्या पैशावर, त्या काळच्या सुमारे सोळा लाख रुपये खर्चात, १९०७ मध्ये तो सुरू झाला. रुळांतले अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर, दोनशेच्या वर वळणे. पावसाने हा मार्ग अनेकदा तोडला. २००५ च्या महापुरात तो वाहून गेला, २००७ मध्ये परत सुरू झाला. २०१९ मध्ये पुन्हा तुटला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण जोडला गेला.

आता व्यवहाराचे बोलतो. या गाडीला डबे मोजके. तिकिटे घरबसल्या आगाऊ काढता येत नाहीत, गाडीच्या वेळेआधी तेथील खिडकीवरच मिळतात. अडतीस जणांना एकाच गाडीत जागा मिळेल या भरवशावर कोणी निघू नये. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा टप्पा बंद असतो. वरची अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी तेवढी चालते. नेमक्या त्याच दिवसांत आम्हा कापडवाल्यांना सवड असते. लग्नसराई संपलेली, दिवाळी दूर.

बसवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावे की पन्नास सीटची बस नेरळलाच ठेवावी लागते. वर छोट्या गाड्या जातात, त्याही दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तेथून अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेने. म्हणजे "दारात सोडते" हा पुतण्याचा मुद्दा येथे टिकत नाही. बस केली तरी सामान दोनदा उतरवायचे आहेच.

काय ठरले

शेवटी दिवाळी झाल्यावर, तुळशीच्या लग्नानंतरची खरेदी सुरू होण्याआधी जे आठ-दहा दिवस मिळतात, त्यात जायचे ठरले. एस.टी.ने नाशिक, नातेवाइकांकडे मुक्काम, सकाळच्या गाडीने आरक्षण करून कल्याण, तेथून कर्जतच्या लोकलने नेरळ. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेने असते, कर्जतकडे जाणाऱ्या लोकलला त्यामानाने कमी. रविवार आणि सुट्टी टाळायची. दोन तरुण आदल्या दिवशी पुढे जाऊन नेरळच्या खिडकीवर उभे राहतील. जितकी तिकिटे मिळतील तितक्यांवर आधी आपा आणि इतर वयस्कर, मग लहान मुले. बाकीचे टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणि पुढे चालत. पुतण्याने हे मान्य केले, कारण पुढे जाणाऱ्या दोघांत त्याचेही नाव आहे.

बसला मी वाईट म्हणत नाही. तान्ही मुले, भरपूर सामान, किंवा सप्तशृंग गडाच्या पायथ्यापासून सापुताऱ्यापर्यंतची आमच्या बाजूची जवळची सहल असेल तर बसच सोयीची. फक्त ठरवताना पक्की पावती घ्यावी. तीत गाडीचा नंबर, चालक किती, टोल कोणाकडे आणि गाडी बदलल्यास काय, हे लिहून घ्यावे. परमिट, फिटनेस आणि विम्याचे कागद निघण्याआधी पाहावेत. टायर स्वतःच्या हाताने चाचपावेत. शेजारच्या दुकानदाराचा गाडीवाला मेहुणा असला तरीसुद्धा.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे. तो मालेगाववरून जाईल. मालेगाव आम्हाला पस्तीस-चाळीस किलोमीटर. ती गाडी धावू लागली की आमच्या मालाचा आणि माणसांचाही हिशेब नव्याने मांडावा लागेल.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा मास्तर फळ्यावर लिहून घ्यायचे, 'सफर वसीला-ए-जफर', म्हणजे प्रवास हा यशाकडे नेणारा मार्ग आहे. निघण्याआधी कागद तपासा, हे मात्र मला त्या मोडलेल्या मनगटाने शिकवले. आपांनी या वेळी स्वतःहून पिशवी भरायला घेतली आहे.